राउंड म्हणजे कसा गोल?

आधी एका उत्तरपत्रिकेची गोष्ट सांगतो. बीड तालुक्यातील एका खेड्यात मी शिक्षक होतो, तेव्हाची ही हकिगत आहे. भूगोलाच्या पेपरात ‘पृथ्वीचा आकार कसा आहे?’ असा प्रश्न होता. एका मुलाने उत्तर लिहिले, ‘पृथ्वी भाकरीसारखी गोल आहे.’ मी लाल पेन्सिलीने फुली मारली आणि पुढचा पेपर ओढला.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा इंग्रजीची वही घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. वहीत ‘राउंड’ हा शब्द, त्यापुढे ‘गोल’ हा अर्थ आणि खाली त्याने काढलेले भाकरीचे चित्र होते. त्या चित्रावर ‘बरोबर’ची खूण माझीच होती. तो म्हणाला, “गुरुजी, इंग्रजीच्या तासाला भाकरी राउंड होती. पुस्तकात लिहिलंय की पृथ्वी राउंड आहे. मग माझं चुकलं कुठं?”

मला लगेच उत्तर देता आले नाही. वर्गातल्या बाकीच्या मुलांना विचारले, “राउंड वस्तू सांगा.” कोणी चेंडू म्हणाले, कोणी बांगडी, कोणी विहीर, कोणी बैलगाडीचे चाक. एक मुलगी म्हणाली, “लिंबू.” सगळी उत्तरे बरोबर! पण जरा विचार करा. भाकरी ही चकती आहे, बांगडी हे कडे आहे, विहीर म्हणजे जमिनीत उभे खोवलेले पोकळ नळकांडे आणि लिंबू हा भरीव गोळा. भूमितीच्या दृष्टीने या चारही आकृती वेगवेगळ्या आहेत. त्या सगळ्यांची घनफळे एकाच सूत्राने काढता येत नाहीत. मग या सर्वांना एकच विशेषण कसे चालते? याचा शोध घेऊ लागलो तेव्हा तो शब्द मला बराच लांब घेऊन गेला.

शब्दाचे गोत्र

इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यांची भाषा फ्रेंचची एक बोली होती. पुढील दोनतीनशे वर्षांत हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले, त्यांतच ‘राउंड’ हा एक होता. फ्रेंचांना तो लॅटिन भाषेतील ‘रोटुंडस’ या शब्दापासून मिळाला होता. आणि ‘रोटुंडस’ हा ‘रोटा’ या शब्दाशी बांधलेला आहे. ‘रोटा’ म्हणजे चाक. तेव्हा ‘राउंड’चा मूळ अर्थ झाला ‘चाकासारखा’.

आता गंमत पाहा. लॅटिन भाषेत जो ‘रोटा’, तोच संस्कृतात ‘रथ’! जर्मन भाषेत चाकाला ‘राड’ म्हणतात, लिथुएनियन भाषेत ‘राटास’. हे सारे शब्द एका कुळातले चुलतभाऊ आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, असा विचार सर विल्यम जोन्स यांनी इ. स. १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढील व्याख्यानात मांडला. त्यानंतर विद्वानांनी अशा शेकडो जोड्या पडताळून पाहिल्या. ‘रोटा’ आणि ‘रथ’ ही त्यांपैकी एक पक्की जोडी आहे. लॅटिन बोलणाऱ्यांनी त्या शब्दाने चाक ओळखले, आपल्याकडे चाकावरून सबंध वाहनालाच ते नाव पडले. आज आपण मोटारीला ‘चारचाकी’ म्हणतो ना, तसेच हे.

या शब्दांच्या मुळाशी जो धातू आहे, त्याचा अर्थ ‘धावणे’, ‘घरंगळणे’ असा सांगतात. हे वाचले तेव्हा मला गावातला सुतार-लोहाराचा कारखाना आठवला. लाकडी चाकावर लोखंडी पट्टी चढवितात, ती तुमच्यापैकी काहींच्या आजोबांनी जरूर पाहिली असेल. पट्टी चाकापेक्षा किंचित लहान ठेवतात, गोवऱ्यांच्या जाळात लाल करतात, ती प्रसरण पावली की चाकावर बसवितात आणि वरून पाणी ओततात. चर्र असा आवाज होतो, पट्टी आकुंचन पावते आणि लाकूड घट्ट आवळून धरते. या पट्टीला मराठीत काय म्हणतात? ‘धाव’! जमिनीला जी टेकते आणि जी धावते, ती धाव. दोन-चार हजार वर्षे आणि हजारो मैल मध्ये असूनही माणसाच्या मनात चाक आणि धावणे यांची गाठ तशीच राहिली.

नॉर्मन लोक येण्यापूर्वी इंग्रज लोक गोल वस्तूला काय म्हणत असत? त्यांचा जुना शब्द होता ‘सिनेवेल्ट’. त्याची फोड ‘सदा घरंगळणारे’ अशी आहे. शब्द निराळा, वंश निराळा, पण कल्पना तीच.

‘राउंड’चे इतर नातेवाईकही तुमच्या रोजच्या ओळखीचे आहेत. शेतात ट्रॅक्टरमागे फिरणारा रोटाव्हेटर त्याच घरातला. रस्त्यावरचा रोलर त्याच घरातला. पूर्वी यादी लांबट चामड्यावर किंवा कागदावर लिहून गुंडाळून ठेवीत. त्या गुंडाळीला ‘लहान चाक’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द होता, त्यापासून ‘रोल’ झाला; आणि म्हणून तुमचा हजेरीपटावरचा रोल नंबरही रथाचा दूरचा भाऊ लागतो! मात्र ध्वनी सारखा दिसला म्हणून नाते जोडण्याची घाई करू नये. ‘रोटी’ गोल असते, तिच्या नावात ‘रोट’ आहे, तेव्हा तीही ‘रोटा’पासून आली, असे एका मुलाने मोठ्या उत्साहाने सांगितले. पण रोटी ही संस्कृतातील ‘रोटिका’वरून आलेली आहे. चाकाशी तिचे नाते जोडावे असा काही पुरावा नाही.

शेतकऱ्याला नकोशा असलेल्या एका तणाच्या नावातही हा शब्द लपला आहे. लव्हाळा किंवा नागरमोथा कितीही उपटला तरी पुन्हा उगवतो, कारण जमिनीत त्याच्या गाठी राहतात. शास्त्रज्ञ लिनीअस याने इ. स. १७५३ मध्ये त्याला ‘सायपेरस रोटंडस’ हे नाव दिले. ‘रोटंडस’ म्हणजे गोल, हे नाव त्याच्या गाठींना शोभते. आता त्या ‘गोल’ वनस्पतीचा फुलाचा दांडा बोटांत धरून फिरवून पाहा. तो चक्क तीन कोनांचा आहे!

आपले गोल शब्द

मराठीत या बाबतीत फार श्रीमंती आहे. ‘वर्तुळ’ हा शब्द ‘वृत्’ या धातूपासून झाला, त्याचा अर्थ वळणे, फिरणे. त्याच ‘वर्तुल’चे प्राकृतात रूप बदलले आणि आपला ‘वाटोळा’ तयार झाला. ‘चाक’ हे संस्कृत ‘चक्र’चे रूप, आणि इंग्रजीतला चाकाला असलेला ‘व्हील’ हा शब्द व तुमची ‘सायकल’ हे दोन्ही त्याच चक्राचे भाऊबंद आहेत. म्हणजे वर्तुळ, वाटोळे, चक्र आणि राउंड या सर्वांच्या पोटात फिरणेच आहे.

यात नवल नाही. तुमची आई काटवटीत किंवा परातीत ज्वारीची भाकरी थापते, तेव्हा नीट लक्ष द्या. तिच्याजवळ कंपास नसतो. एका हाताने ती पिठाचा गोळा दाबते आणि प्रत्येक थापेबरोबर तो किंचित फिरविते. फिरविल्यामुळे प्रत्येक दिशेला सारख्या थापा पडतात, आणि सर्व दिशांना सारखी पसरलेली आकृती वर्तुळच असते. कुंभाराच्या चाकावर तेच घडते. पुष्कळ गोल वस्तू गोल असतात, त्या फिरून किंवा फिरवून झालेल्या असतात म्हणून. शब्दांनी हेच टिपले आहे.

पण आपला ‘गोल’ हा शब्द मात्र या रांगेत बसत नाही. संस्कृतात ‘गोल’ म्हणजे मुख्यतः चेंडू, गोळा. म्हणून तर ‘भूगोल’ असा शब्द तयार झाला: भू म्हणजे पृथ्वी, तिचा गोळा. मराठीत येता येता भरीव वस्तूसाठी ‘गोळा’ आणि ‘गोळी’ ही रूपे राहिली आणि ‘गोल’ हे विशेषण भाकरीलाही लागू लागले. म्हणजे पाहा, ‘राउंड’ चाकावरून निघाला आणि चेंडूपर्यंत पोहोचला, तर ‘गोल’ चेंडूवरून निघाला आणि भाकरीपर्यंत आला. दोघे दोन दिशांनी आले आणि एका जागी भेटले. म्हणून शब्दकोशात ते एकमेकांसमोर बसलेले असतात. माझ्या विद्यार्थ्याची गफलत याच जागी झाली होती. आणि उत्तर तर प्रश्नपत्रिकेच्या मथळ्यावरच होते: विषय – भूगोल!

हे दोन शब्द सगळीकडे मात्र एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ‘राउंड’मध्ये पूर्णतेची छटा आहे. हिशेबात आपण ‘राउंड फिगर’ करतो ती याच अर्थाने. इंग्रजीत एखाद्याला ‘राउंडली’ बजावले म्हणजे स्पष्ट, आडपडदा न ठेवता बजावले. उलट मराठीत कोणी ‘गोलगोल’ बोलू लागला की समजावे, तो उत्तर टाळीत आहे! क्रिकेटमधील ‘ऑल-राउंडर’ला आपण ‘अष्टपैलू’ म्हणतो. इंग्रजांचा गुणी खेळाडू सर्व बाजूंनी गुळगुळीत, तर आपला हिऱ्यासारखा आठ पैलूंचा. मला आपला अधिक आवडतो.

विहीर गोल का?

‘राउंड’च्या यादीत मुलांनी विहीर सांगितली होती, ते मला विशेष वाटले. बीडजवळची खजाना बावडी तुमच्यापैकी पुष्कळांनी सहलीत पाहिली असेल. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत सलाबतखानाने ती बांधविली. तिच्या तळातून भुयारी पाटाने पाणी शेतांकडे जाते. खजिन्यातील पैसा तिच्यावर खर्च झाला म्हणून हे नाव पडले, असे लोक सांगतात. ही बावडी गोल आहे. गावोगावच्या बांधीव विहिरीही बहुधा गोलच असतात. चौकोनी खणणे सोपे असताना गोल का?

एक कारण हिशेबाचे आहे. १०० चौरस मीटर तोंडाची विहीर काढावयाची आहे असे समजा. ती चौरस असेल तर प्रत्येक बाजू १० मीटर, म्हणजे काठाची लांबी ४० मीटर. तीच गोल असेल तर परिघ सुमारे ३५.४ मीटर भरतो. तेवढ्याच पाण्याला साडेचार मीटर भिंत कमी बांधावी लागते. आणि ती वरपासून तळापर्यंत कमी! ठरावीक क्षेत्रफळाला सर्वांत कमी परिमिती वर्तुळाची असते, हे तत्त्व गवंड्याने पुस्तकात वाचलेले नसते, पण दगडांच्या गाड्या मोजताना ते त्याला कळते.

दुसरे कारण दाबाचे. विहिरीच्या भिंतीला मागची माती आत ढकलीत असते, पावसाळ्यात ती ओली झाली की अधिकच. सरळ भिंत मध्यभागी आत वाकते आणि ढासळते. गोल भिंतीतील प्रत्येक दगड पाचरीसारखा दोन्ही शेजाऱ्यांमध्ये धरलेला असतो. बाहेरून दाब आला की दगड एकमेकांवर अधिक घट्ट बसतात. दगड दाबाला फार चांगला टिकतो, ताणाला नाही. आडवी ठेवलेली कमान म्हणजेच गोल विहीर. अर्थात हा लाभ बांधीव भागाला आहे. खाली कातळ लागला की तो कातळ स्वतःच उभा राहतो, मग आकार कोणताही चालतो.

दोन प्रकारचे गोटे

आता मी तुम्हाला जे दाखविणार आहे त्याला प्रयोगशाळा नको, दप्तरात चार दगड घालून आणावेत एवढेच.

बीड जिल्ह्यातून बालाघाटाची रांग गेली आहे. तिच्यावर पडलेले पाणी बिंदुसरा नदी बीड शहराजवळून घेऊन जाते, बिंदुसरा सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा पुढे माजलगाव तालुक्यात गोदावरीला. नदीच्या पात्रातले गोटे तुम्ही पाहिलेच आहेत. डोंगराजवळ दगड कोनाकोनांचे, धारदार असतात. जसजसे खाली जावे तसतसे ते गुळगुळीत होत जातात. पुराच्या पाण्यात ते घरंगळतात, एकमेकांवर आपटतात. कोपरे पुढे आलेले असल्यामुळे मार प्रथम कोपऱ्यांना बसतो आणि तेच आधी झिजतात. हा ‘राउंड’ अगदी मूळ अर्थाचा, चाकासारखा घरंगळून झालेला.

पण दुसराही एक गोल दगड आहे. घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो, किंवा मुरमाची खाण असते, तेथे उभ्या भिंतीकडे नीट पाहा. पिवळसर-तांबूस मुरमात मध्येमध्ये काळे गोळे रुतलेले दिसतील, काही नारळाएवढे, काही हंड्याएवढे, काही त्याहून मोठे. त्यांच्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे असतात. नखाने खरवडले तरी ते सुटतात. हे गोळे नदीने आणलेले नाहीत. ते तेथेच जन्मले आणि तेथेच गोल झाले, एक इंचही न घरंगळता!

हे कसे घडते ते समजून घेऊ. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले आणि थंड होताना आकुंचन पावून त्यांना उभ्या-आडव्या भेगा पडल्या. भेगांमुळे खडकाचे ठोकळे झाले. पावसाचे पाणी या भेगांतून शिरते, खडकातील खनिजांवर त्याची रासायनिक क्रिया होते, काहींची चिकणमाती होते आणि त्यांतील लोहाला गंज चढून तांबूस रंग येतो. आता ठोकळ्याच्या सपाट पृष्ठावर पाणी एकाच बाजूने हल्ला करते. कडेवर दोन बाजूंनी. आणि कोपऱ्यावर तीन बाजूंनी! म्हणून कोपरा सर्वांत लवकर कुजतो, नंतर कड, आणि पृष्ठ सर्वांत सावकाश. काही काळाने आत उरतो तो कठीण काळा गाभा, कोपरे गेलेला, गोळ्याच्या आकाराचा. साखरेचा चौकोनी खडा ओलसर फडक्यात थोडा वेळ गुंडाळून ठेवलात तर असेच काहीसे छोट्या प्रमाणावर दिसेल.

येथे भूशास्त्रज्ञांना आपल्या विद्यार्थ्यासारखीच अडचण आली. दगडाला ‘राउंड’ म्हणावयाचे म्हणजे नेमके काय म्हणावयाचे? नदीतील चपटा, गुळगुळीत गोटा ‘राउंड’ की नाही? तो चेंडूसारखा मुळीच नाही, पण त्याला एकही कोपरा नाही. इ. स. १९३२ मध्ये हाकोन वाडेल या शास्त्रज्ञाने या गोंधळाचे दोन तुकडे केले. दगड चेंडूच्या किती जवळ आहे, हे एक माप. त्याला आपण गोलकता म्हणू. त्याचे कोपरे किती झिजले आहेत, हे दुसरे माप. त्याला वर्तुळता म्हणू. दोन्ही मापे शून्य ते एक या अंकांत मोजावयाची.

उदाहरण घ्या. सापशिडीचा धारदार कडांचा फासा. तेवढ्याच घनफळाच्या चेंडूचे पृष्ठफळ आणि फाशाचे पृष्ठफळ यांचे गुणोत्तर काढले तर गोलकता ०.८१ येते. म्हणजे फासा चेंडूच्या बराच जवळ आहे! पण त्याचे कोपरे टोकदार, म्हणून वर्तुळता शून्य. आता जाडीच्या चौपट व्यास असलेली चकती घ्या. तिची गोलकता ०.६९, फाशापेक्षाही कमी. पण वरून पाहता तिला कोपराच नाही, म्हणून वर्तुळता एक. एकाच ‘राउंड’ शब्दात दडलेले हे दोन गुण एकमेकांवर अवलंबून नाहीत, हे या हिशेबावरून दिसते.

तुम्ही वर्तुळता घरी मोजू शकाल. गोटा कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढा. आत बसेल तेवढे मोठ्यात मोठे वर्तुळ कंपासने काढा आणि त्याची त्रिज्या मोजा. मग बाह्यरेषेच्या प्रत्येक कोपऱ्यात नेमके बसणारे लहान वर्तुळ काढून त्यांच्या त्रिज्या मोजा, त्यांची सरासरी काढा आणि तिला मोठ्या त्रिज्येने भागा. बिंदुसरेच्या वरच्या भागातले दहा आणि खालच्या भागातले दहा गोटे असे मोजले, तर नदीने किती काम केले आहे ते अंकांत लिहिता येईल. फक्त पावसाळ्यात पात्रात उतरू नका, आणि पुलाजवळ तोडलेली खडी पडलेली असते ती हिशेबात घेऊ नका.

चाक आणि चेंडू यांची गफलत

भाकरी आणि चेंडू यांत घोटाळा करणारा माझा विद्यार्थी पहिलाच नव्हता. आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला लल्ल हा मोठा ज्योतिषी. गोळ्याचे पृष्ठफळ काढण्यासाठी वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणावे, असे त्याने लिहून ठेवले. हे चूक आहे, असे पुढे भास्कराचार्यांनी दाखविले.

भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा. आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडविड असे त्यांनीच सांगितले आहे. हे विज्जडविड कोणते, यावर विद्वानांचे एकमत नाही. काहींनी ते बीड मानले, काहींनी विजापूर, तर काहींचा कौल चाळीसगावजवळच्या पाटणाला आहे. पाटणाला त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख मिळाला आहे. बीडच्या मुलांनी आपला हक्क सांगावा, पण पाटणचा शिलालेखही विसरू नये.

छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. त्यातील एका भागाचे नावच ‘गोलाध्याय’. गोळ्याचे पृष्ठफळ हे त्याच्या मध्यावरील वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट असते, हा नियम त्यांनी दिला, आणि चेंडूवर चोहोबाजूंनी बसविलेल्या जाळ्याची उपमा दिली. हा नियम संत्र्यावर पडताळता येतो. शक्य तितके वाटोळे संत्रे आडवे कापा, कापलेली बाजू कागदावर ठेवून चार वर्तुळे काढा. मग साल सोलून तिचे बारीक तुकडे करा आणि वर्तुळांत दाटीने भरा. साल चार वर्तुळांना जवळजवळ पुरते. साल जाड असल्याने थोडे कमीजास्त होईल, पण तीन किंवा पाच वर्तुळे भरणार नाहीत.

पृथ्वी सपाट का दिसते, याचे उत्तरही गोलाध्यायात आहे. मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच वाटतो. पृथ्वी प्रचंड आणि माणूस लहान, त्यामुळे तिचा डोळ्यांत मावणारा तुकडा त्याला सपाट दिसतो. कंपासने मोठे वर्तुळ काढून त्याचा शंभरावा भाग कातरून पाहा. पट्टी लावल्याशिवाय वाक कळणार नाही. पृथ्वी आरशासारखी सपाट असती तर सूर्य लांब गेला तरी दिसत राहिला असता, रात्र कशी झाली असती, असाही प्रश्न त्यांनी विचारला आहे.

आज आपण आणखी एक गोष्ट जाणतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे मध्यावर किंचित फुगली आहे. विषुववृत्तावरील तिचा व्यास सुमारे १२,७५६ किलोमीटर आणि ध्रुवांमधून जाणारा सुमारे १२,७१४ किलोमीटर. हा फरक शाळेतल्या ३० सेंटीमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर दाखवावयाचा तर जेमतेम १ मिलिमीटर भरेल. एव्हरेस्ट त्यावर कागदाच्या दोन पानांच्या जाडीएवढा निघेल. तेव्हा काटेकोर बोलावयाचे तर पृथ्वी पूर्ण गोल नाही, पण डोळ्यांना तो फरक दिसणार नाही.

भास्कराचार्यांनी पृथ्वीचे वर्णन करताना केवळ ‘गोल’ म्हणून सोडून दिलेले नाही. कदंबाच्या फुलाच्या गोळ्याला जसे सर्व बाजूंनी केसर असतात, तशी पृथ्वी सर्व बाजूंनी पर्वत, गावे, बागा यांनी वेढलेली आहे, असे त्यांनी म्हटले आहे. या उपमेत भाकरीला जागाच उरत नाही.

त्या मुलाला मी हे सांगितले, त्याचा गुणही वाढवून दिला. तो म्हणाला, “पण गुरुजी, कदंब कसा असतो?” आमच्या गावच्या शिवारात कदंबाचे झाड नव्हते. मीही तो चित्रातच दाखविणार होतो. पावसाळ्याचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी शाळेत येताना त्याने खिशातून मूठभर पिवळे बारीक गोळे काढून टेबलावर ठेवले. बांधावरच्या बाभळीची फुले होती ती. प्रत्येक फूल वाटाण्यापेक्षा थोडे मोठे, आणि त्याला वर, खाली, चहूबाजूंनी उभे राहिलेले पिवळे केसर.

“असाच ना?” त्याने विचारले.